सदतीसवरचा काटा

बसा. ऊन उतरेपर्यंत मी तुमच्या गाडीखाली शिरणार नाही, आणि शिरलो तरी ते तापमानाचं मीटर बसवणार नाही. बाकी काहीही सांगा. गिअरबॉक्सचं ऑइल बदलून देतो, पुढे तेल थंड करायची मोठी जाळी टाकून देतो. आता तर नव्या गाड्यांत कॉम्प्युटरच असतो, वर्ध्याला एकाकडे स्कॅनर आहे, तो वायर जोडून गिअरबॉक्सचं तापमान सांगेल. खुशाल तिकडे जा. पण डॅशबोर्डवर काटा हवा असेल, तर सेलूत दुसरा मिस्त्री शोधा.

तुम्हाला वाटेल, रूपराव मिस्त्री म्हातारपणी चळला. तसं असतं तर बरं झालं असतं.

मी हा धंदा प्रेमदास उस्तादांच्या हाताखाली शिकलो. त्यांच्याकडे कसलंही मीटर नव्हतं. गाडीखाली सरपटत जायचं, गिअरबॉक्सवर तळहात ठेवायचा आणि मोजायचं. दहापर्यंत हात टिकला तर गाडी जाऊ द्यायची. पाचलाच उचलावा लागला तर सावलीत उभी करायची. आणि तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून वास घ्यायचा. करपलेला वास आला म्हणजे आत काम तमाम. उस्ताद म्हणायचे, हात नेहमी जिथं तापते तिथंच ठेवजो, सोईच्या जागी ठेवशील तर सोईचंच उत्तर येईन. एवढं साधं बोलणं, पण मी ते ऐकलं नाही.

केळझरचे पुंडलिकराव, किराण्याचे ठोक व्यापारी, आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. क्लच दाबणार कशाने? म्हणून २००५ च्या जानेवारीत त्यांनी नागपूरहून एक जुनी, परदेशातून आलेली मोठी ऑटोमॅटिक गाडी आणली. एका पायावर चालणारी गाडी, असं सगळ्या गावाला कौतुकाने दाखवत फिरले. पण राहिलेल्या उजव्या पायातही काही राम नव्हता. तळव्याला गरम-गार काही कळायचं नाही. खिळा रुतला तरी फरशीवर रक्त दिसल्यावर समजायचं.

त्या गाडीचा गिअरबॉक्स पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याखाली होता. जरा चढ लागला, जरा ऊन लागलं की तापायचा. भाऊ माझ्याकडे आले. "रूपराव, दुसरा ड्रायव्हर असता तं त्याच्या पायाले समजलं असतं," ते म्हणाले, "मले काई समजत नाई. डोळ्यानं दिसन असं काईतरी बसवून दे बापा."

सोबत शोभावहिनी होत्या, त्यांची बायको. दम्याच्या पेशंट, बारीक चणीच्या, हसऱ्या. गाडीत बसताना त्या चपला बाहेर काढून हातात घ्यायच्या आणि अनवाणी पाय आत ठेवायच्या. गाडीची पूजा झाली आहे, लक्ष्मीवर चपलेचा पाय कसा द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. मी हसलो होतो. "वयनी, लक्ष्मीले पंक्चर बी होते," म्हणालो होतो.

मीटर मी नागपूरहून आणवलं. वीज न लागणारं, साधं. एका टोकाला बोटाच्या पेराएवढं पितळी बोंड, दुसऱ्या टोकाला वीसपासून एकशेचाळीसपर्यंत आकड्यांची तबकडी. बोंडाला जेवढं गरम लागेल तेवढा काटा चढतो, गाडी चालू असो की बंद. आता नीट ऐका, सगळं इथेच आहे. गिअरबॉक्समधून तापलेलं तेल एका नळीने समोरच्या जाळीत जातं, तिथे थंड होतं आणि दुसऱ्या नळीने परत येतं. बोंड बसवायचं असतं जाणाऱ्या नळीत. ती नळी सायलेन्सरच्या मागे दडलेली होती, तिच्यापर्यंत पोचायला दोन तास खोलखाल करावी लागली असती. परत येणारी नळी मात्र अगदी हाताशी होती. संध्याकाळ झाली होती, पाठ दुखत होती. म्हटलं, दहा-पंधरा अंशांचा फरक पडेल, भाऊंना सांगून ठेवू. आणि सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं म्हणतो मी अजूनही, बघा. खरं म्हणजे सांगितलं नाही.

मेच्या मध्यावर एका सकाळी वहिनींचा दमा उफाळला. गावच्या डॉक्टरांनी वर्ध्याला न्यायला सांगितलं. भाऊंनी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि निघाले. केळझर ते वर्धा असा कितीसा रस्ता. पण सेलू सुटलं, पवनारचा धाम नदीवरचा पूल समोर दिसायला लागला, आणि गाडी जागेवर बसली. भर दुपारचे बारा. भाऊंनी मला फोन केला. मी माझ्या लुनावर पोचलो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि वहिनी सीटवर मान टाकून तोंडाने श्वास ओढत होत्या. करपलेल्या तेलाचा वास दहा पावलांवरून येत होता. मी खाली वाकून हात लावायला गेलो, तर एकसुद्धा मोजता आला नाही. आणि वर तबकडीवर काटा होता पासष्टवर, निवांत.

तेव्हाच मला समजलं. आतमध्ये तेल जळून कोळसा झालं होतं आणि माझं बोंड थंड होऊन आलेल्या तेलाची खुशाली सांगत बसलं होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी एक जीप थांबली. मी वहिनींना खांद्यांकडून धरलं, जीपवाल्याने पायांकडून. वर्ध्याच्या अलीकडेच त्या गेल्या.

दवाखान्याच्या पायरीवर भाऊ बसले होते. माझा हात धरून एकच विचारत होते. "काटा तं पासष्टच्या वर गेलाच नाई रे... का मीच बरोबर पाह्यलं नाई? सांग न. माह्यं ध्यान नव्हतं काय?"

आणि मी म्हणालो, "घाईत होते भाऊ तुम्ही. पाहाचं राह्यलं असन."

असं बोललो मी. ज्याची बायको आत पांढऱ्या चादरीखाली होती त्याला.

गिअरबॉक्स नागपूरहून दुरुस्त होऊन आला. तो बसवताना मी गुपचूप बोंड काढून जाणाऱ्या नळीत लावलं. कोणाला काही कळलं नाही. वर्षभर मी केळझरच्या रस्त्याने गेलो नाही. तिथल्या गणपतीच्या दर्शनाला बायको चल म्हणाली तरी काहीतरी निमित्त काढलं.

पुढच्या मे महिन्यात भाऊंचा फोन आला. आवाज अगदी रोजच्यासारखा.

"रूपराव, मीटर बिघडलं वाटते. येऊन पाहून जाजो."

"काय झालं?"

"काटा सदतीसवर अडकला हाये. हलतच नाई."

मला हायसं वाटलं. अडकलेला काटा म्हणजे काय, पाच मिनिटांचं काम. सकाळी अकराला मी गेलो. गाडी अंगणात टिनाच्या शेडखाली उभी होती, चाकांना माती लागलेली, म्हणजे चालत असावी. दार उघडलं तसा आतून उकाडा तोंडावर आला. बाहेर सेहेचाळीस तरी असेल, आत त्याहून जास्त. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. अशा गाडीतली एकूण एक वस्तू पन्नासवर हवी, बोंडही पन्नासवर हवं. काटा सदतीसवर होता.

अडकलेला मात्र नव्हता. मी नाक तबकडीला लावून पाहिलं. काटा हलत होता, अर्धी रेघ वर, अर्धी रेघ खाली. झोपलेल्या माणसाचं पोट हलतं तसा. मधेच थांबायचा, मग घाईने दोन-तीनदा वर-खाली व्हायचा, मग पुन्हा संथ. असा श्वास मी ओळखत होतो.

मी गाडीखाली गेलो. उस्तादांची पद्धत तरी खोटं बोलणार नाही म्हणून गिअरबॉक्सवर तळहात ठेवला. दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. हात उचलावासाच वाटेना, कारण हाताला लोखंड लागतच नव्हतं. तापलेल्या अंगणात ते तेवढंच कोमट होतं, किंचित ओलसर, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळासारखं. सदतीस म्हणजे जिवंत माणसाच्या अंगाचंच तापमान. तेलाचा थेंब कागदावर घेतला. रंग बरोबर होता, लाल. वास छातीला चोळायच्या बामचा होता.

मी बाहेर आलो तेव्हा भाऊ कुबडी घेऊन उभे होते. वर्षात दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

"बिघडलं नाई न?" ते हळूच म्हणाले.

मी तेलाचा कागद घडी करून खिशात घातला.

"मले वाटलंच होतं... रोज बाराच्या आत मी काढतो गाडी. वर्ध्याले नेतो तिले. पुलाजवळ गेलं की काटा उतरते. छत्तीस, पस्तीस, तीस... मंग मी गाडी फिरवून घरी आणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा सदतीस." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "मले माह्या डोळ्याचा भरवसा नाई, रूपराव. त्या दिवशी चुकलो न मी. आज तू बस. तू काटा वाच. चुकाचं नाई आज."

नाही म्हणायची हिंमत कुठून आणणार होतो मी? दार उघडून पाय आत टाकणार, तोच ते म्हणाले, "चपला बाहेर काढ."

मी चपला काढल्या.

गाव सोडलं. रस्त्यावर झळा नाचत होत्या, झाडाखाली गुरंसुद्धा उभी नव्हती. भाऊ समोर पाहत गाडी चालवत होते. "मोठ्यानं वाच," म्हणाले. मी वाचायला लागलो. सदतीस. सदतीस. इंजिन चालू असताना, गिअर पडत असताना, त्या उन्हात काटा ऐंशीच्या खाली राहूच शकत नाही, हे माझं कामाचं ज्ञान मला आतून ओरडून सांगत होतं, आणि मी सदतीस, सदतीस करत होतो. एसीच्या जाळीतून हवेबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. थांबत होता, येत होता.

सेलू गेलं. माझं गॅरेज डोळ्यांसमोरून गेलं, आणि मी तिथे उतरलो नाही याचं मला आजही नवल वाटतं.

मग पाय गरम लागायला लागले.

आधी नुसतं ऊबदार. मग तव्याजवळ पाय ठेवावा तसं. मी पाय जरा बाजूला घेतले, तिथेही तसंच. वर काटा पाहिला. सदतीस. मनात म्हटलं, उगाच बोलायचं नाही, काटा बरोबर आहे. खरंच असं म्हटलं मी! आणखी एक किलोमीटर दातावर दात धरून काढला. पाय उचलून सीटवर घ्यावेत म्हटलं तर उचलेनात, मांड्यांत जीवच नव्हता, छातीत हवा पुरत नव्हती. शेवटी राहवलं नाही.

"भाऊ... पायाखाली पोळून राह्यलं."

गाडी करकचून थांबली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हे तुले कोणी सांगतलं?"

"कोणी नाई. पोळून राह्यलं खरंच..."

"हे ती बोलली होती. इथंच. असंच." त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं. "तीन डाव म्हणे, अहो, पायाखाली पोळून राह्यलं. मी खेकसलो तिच्यावर. तुले काय समजते मशीनमधलं, म्हटलं. काटा पाह्य, काटा बरोबर हाये. तिनं पाह्यला काटा. मंग चूप बसली. वच्छलानं आंघोळ घातली न तिले. माह्या बहिणीनं. तेराव्याले मले एकटं गाठून सांगतलं तिनं. म्हणे दादा, वयनीच्या तळव्याले फोड होते... दोन्ही पायाले."

मी पायांकडून धरलं नव्हतं. मी खांद्यांकडून धरलं होतं.

"वर्षभर माह्या डोक्यात हेच हाये," भाऊ म्हणाले. "काटा बरोबर असन तं फोड कसे आले? मी चुकीचं वाचलं, का तिले भास झाला... मले तेवढं समजलं पाहिजे, रूपराव. मंग मी मरायले मोकळा."

आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला समजत होतं. आणि खरं सांगतो, त्यांच्यासाठी म्हणून मी बोललो नाही. पायाखालचं पोळणं थांबावं म्हणून बोललो. बोंड कुठे लावलं, का लावलं, मग कसं हळूच हलवलं, सगळं ओकलो. "तुम्ही बरोबर वाचलं होतं भाऊ. काटाच खोटा होता. चूक माही हाये. तुमची नाई."

मला वाटलं होतं ते मला मारतील. किंवा रडतील. म्हातारा सुटेल तरी एकदाचा, असं वाटलं होतं. ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे ती खरं बोलून राह्यली होती."

"भाऊ..."

"ती खरं बोलून राह्यली होती, अन् मी तिले चूप बसवलं. पाय भाजून राह्यले होते तिचे, अन् मी म्हटलं काटा पाह्य." ते माझ्या सीटकडे वळले, पण माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या छातीच्या जरा अलीकडे, जिथे कोणी नव्हतं तिथे पाहत होते. "शोभा," ते म्हणाले, "मले खोटं वाटलं वं तेव्हा."

एसीच्या जाळीतला आवाज थांबला. पाय एकदम मोकळे झाले. मी पाहिलं तर तळव्यांवर साधा लालसर डागसुद्धा नव्हता.

भाऊंनी गाडी पुढे काढली. पूल आला. मी काट्यावर नजर लावून बसलो, आता उतरेल, आता उतरेल. भाऊही वाट पाहत होते, मला ते त्यांच्या श्वासावरून समजत होतं. पूल संपला. काटा सदतीसवर. पवनार मागे पडलं. वर्धा आलं, दवाखान्याचं फाटक आलं, आम्ही फाटकाशी अर्धा तास उभे राहिलो. सदतीस. परत फिरलो, पूल ओलांडला, केळझरला अंगणात गाडी लावली, इंजिन बंद केलं. काटा सदतीसवर, अर्धी रेघ वर, अर्धी रेघ खाली.

मी वेड्यासारखा म्हणालो, "भाऊ, आज उतरला नाई."

"आता नाई उतरत," ते म्हणाले. "आजवर रोज मरत होती, रूपराव. सुटत तरी होती तेवढ्यापुरती. आता ते बी नाई. आता तिले समजलं, का मले बी समजलं ती खरं बोलली होती म्हून. आता ती जात नाई."

त्यानंतर ती गाडी अंगणातून हलली नाही. भाऊंचा दुसरा पायही गेला, आता ते ओसरीवर खाटेवर असतात. माझ्याशी भांडले नाहीत, शिवी दिली नाही. फक्त एक काम सांगितलं. चैत्र लागला की मिरगापर्यंत, रोज दुपारी बाराला, माठातलं गार पाणी टबात ओतून गाडीत वहिनींच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी ठेवायचं. त्यांना जमत नाही म्हणून मी जातो. तीन वर्षं झाली. एक दिवस गेलो नव्हतो, लग्न होतं घरचं. त्या दुपारी मांडवात बसून माझे पाय असे पोळले की पंगतीतून उठून मला नळाखाली पाय धरावे लागले.

टब प्लास्टिकचा आहे, आतून एक निळी रेघ आहे. मी बरोबर रेघेपर्यंत पाणी ओततो. मिस्त्री माणूस, मापाची सवय. ठेवतो, दार लावतो, शेडच्या खांबाला टेकून उभा राहतो. थोड्या वेळाने पाहिलं की पाणी रेघेच्या वर दोन बोटं चढलेलं असतं. त्या उन्हात पाणी आटायला हवं. तुम्हीच सांगा मला, रिकाम्या गाडीत ठेवलेल्या टबात पाणी चढतं कसं? पहिल्या दिवशी मी तसाच टब उचलायला गेलो होतो. उचलला गेला नाही. दोन्ही हातांनी ओढला तरी जागचा हलला नाही, आणि ओसरीवरून भाऊ मला शांतपणे पाहत होते.

मग मला सुचलं. आपण घरात फरशी पुसताना बायकामाणसांना म्हणतो ना, तसं मी खाली मान घालून म्हणालो, "वयनी, पाय उचला."

पाणी सावकाश उतरलं, रेघेवर येऊन थांबलं. मी टब बाहेर काढला.